नोकरी सांभाळून एम.लिब.: डोंबिवलीच्या वाचक मैत्रिणीला उत्तर

ताई, मी 34 वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते आणि घाटकोपरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात सात वर्षं ग्रंथालय सहाय्यक म्हणून काम करते. मराठी घेऊन बी.ए. केलं, मग बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, केली. मुलगी तिसरीत आहे. एम.लिब., म्हणजे त्यापुढची पदव्युत्तर पदवी, करायचं फार मनात आहे, पण नोकरी सोडून दिवसभराच्या वर्गांना बसणं परवडणार नाही. दूरशिक्षणाने करावं म्हटलं तर आमच्या ग्रंथपाल मॅडम म्हणतात, घरबसल्या केलेल्या पदवीला मुलाखतीत कोणी विचारत नाही. स्टेशनजवळच्या एका प्रवेश केंद्रात चौकशी केली. ते म्हणाले, दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची पदवी मिळेल, परीक्षेचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त फी भरा. मला इंग्रजीची जरा भीती वाटते. मुलगी दहावी होईपर्यंत थांबावं का, असंही वाटतं. काय करू?
एक वाचक, डोंबिवली

नमस्कार,

आधी त्या प्रवेश केंद्राचं बोलते, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान होईल. तिथे पुन्हा जाऊ नका. बी.लिब.ची मूळ गुणपत्रिका किंवा आधार कार्डाची प्रत तिथे ठेवून आला असाल तर मूळ कागद आजच परत घ्या. ‘परीक्षेचं आम्ही बघतो’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला पदवी देत नाही. तो एक कागद विकतो, आणि तो कागद पुढे कधीतरी पडताळणीत अडकतो. कायम नोकरीत लागलेल्या माणसाची कागदपत्रं काही वर्षांनी पुन्हा उघडली जातात, हे तुम्ही महाविद्यालयात काम करत असल्यामुळे जाणताच. त्यातही त्यांनी दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ सांगितलं आहे. राज्य विद्यापीठाला किंवा खासगी विद्यापीठाला दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत आणि ते कुणाला फ्रँचायझीवरही देता येत नाहीत. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम तसा स्पष्ट आहे. पूर्णपणे ऑनलाइन पदवीला ही राज्याची हद्द लागू नाही, पण तिथेसुद्धा त्या अभ्यासक्रमाचं नाव मान्यतेच्या यादीत असावं लागतं, आणि परीक्षा तुम्हालाच द्यावी लागते.

आता तुमच्या मॅडमचं म्हणणं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पदवी ग्राह्य आहे का, हा एक प्रश्न. ती पदवी घेतलेल्या माणसाला काम येतं का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. यूजीसीच्या 2020 च्या मुक्त व दूरस्थ शिक्षण विनियमांतला 22 वा विनियम सांगतो की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित वर्गांत बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानायची. लोकांना तरी शंका राहिली, म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने पुन्हा सूचना काढून तेच सांगितलं. अभियांत्रिकी, वैद्यकीय असे काही विषय दूरशिक्षणाने शिकवायला बंदी आहे. ग्रंथालयशास्त्र त्या यादीत नाही. तेव्हा कोणी मुलाखतीत ‘दूरशिक्षण’ म्हणून नाक मुरडलं, तर तो त्यांचा पूर्वग्रह झाला. नियम तुमच्या बाजूने आहे.

पण नियमाचा फायदा घ्यायचा तर ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाची खात्री स्वतः करून घ्यावी लागते, आणि ती विद्यापीठाच्या नावावर थांबून चालत नाही. मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि वर्षागणिक मिळते. तुम्ही ज्या वर्षी, ज्या सत्रात प्रवेश घ्याल, त्या सत्रासाठी त्या विद्यापीठाच्या एम.लिब.ला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची परवानगी आहे का, हे त्या विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. पान उघडलं की तारखेसकट छापून घ्या आणि प्रवेशाच्या पावतीबरोबर फाइलमध्ये लावा. पाच वर्षांनी कोणी विचारलं तर शोधाशोध करावी लागणार नाही. 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक, लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो आणि त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेली शैक्षणिक क्रेडिट्स जिथे जमा राहतात तिथलं, खातं उघडावं लागतं. हे सगळं मोबाइलवर होतं. कुणाला पैसे देऊन करून घ्यायची गरज नाही. फीसुद्धा विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा.

तुमच्यासारख्या नोकरदार बाईसाठी मुंबईतून विचार करण्याजोगी नावं मला दोनच वाटतात. एक इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि दुसरं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. इग्नू 1985 साली स्थापन झालं, केंद्रीय विद्यापीठ आहे, त्याचा विस्तार देशभर आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं, आपल्या राज्याचं, आणि ग्रंथालयशास्त्र मराठीतून शिकायची सोय देणारं. (मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा विभाग आणि एस.एन.डी.टी.चं चर्चगेटचं ग्रंथालयशास्त्र विद्यालय ही आपल्या शहरातली जुनी, चांगली ठिकाणं आहेत. वर्गात बसता आलं असतं तर मी तुम्हाला तिकडेच पाठवलं असतं. तुम्हाला ते शक्य नाही, तेव्हा ते सोडून देऊ.)

या दोघांत निवड कशावर करायची? तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुमची खरी अडचण भाषेची आहे, आणि तिथे मी तुम्हाला जरा पुढे ढकलणार आहे. मराठीतून एम.लिब. करण्यात कमीपणा काहीच नाही. पण आपल्या कामाची साधनं बघा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे खंड इंग्रजीत, मार्क 21 या संगणकीय नोंदपद्धतीचे नियम इंग्रजीत, कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका इंग्रजीत. नेटची, म्हणजे प्राध्यापक-ग्रंथपाल पदांसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. एम.लिब.च्या वर्षभरात इंग्रजी टाळलं, तर ते पुढच्याच वळणावर उभं राहणार. म्हणून माझा कल इग्नूकडे आहे.

त्यासाठी आत्ताच पैसे भरायची गरज नाही. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं. तिथे एम.लिब.चा एखादा पेपर उघडा. ग्रंथालय व्यवस्थापनाचा घ्या, कारण त्यातलं बरंच तुम्ही रोज करता आहात. पुस्तक खरेदी, अंदाजपत्रक, साठापडताळणी, निर्लेखन (जुनी पुस्तकं नोंदीतून कमी करणं) या गोष्टी तिथे इंग्रजी नावांनी भेटतील, पण अनोळखी वाटणार नाहीत. एक प्रकरण वाचून पुढचं वाचावंसं वाटलं, तर भीती संपली असं समजा. महिनाभर प्रयत्न करूनही डोक्यावरूनच जात असेल, तर नाशिकच्या विद्यापीठात निर्धास्त प्रवेश घ्या आणि इंग्रजीचं वाचन त्याबरोबर चालू ठेवा.

इग्नूच्या एम.लिब.ला बी.लिब. लागतं, ते तुमच्याकडे आहे. किमान मुदत एका वर्षाची आहे. जानेवारी आणि जुलै अशी दोन प्रवेशसत्रं असतात आणि सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. एकाच वर्षात सगळे पेपर उरकायलाच हवेत असं नाही, जास्तीची मुदत मिळते. मुलगी लहान आहे, घर आहे, मध्य रेल्वे आहे. दोन परीक्षांत पेपर विभागून दिले तर कोणीही तुम्हाला कमी लेखणार नाही. निकालपत्रावर शेवटी टक्के दिसतात.

आणि टक्क्यांबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. इथे कितीतरी हुशार मुलींचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. महाविद्यालयीन ग्रंथपाल किंवा विद्यापीठातल्या सहाय्यक ग्रंथपालाच्या पदासाठी यूजीसीच्या 2018 च्या विनियमांनुसार ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात आणि शिवाय सहसा नेट किंवा सेट, म्हणजे तशीच राज्यपातळीवरची परीक्षा, लागते. राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांना गुणांत पाच टक्क्यांची सूट आहे. दूरशिक्षणात नुसतं पास होणं अवघड नसतं. पण 52 टक्क्यांची पदवी हातात घेऊन या पदाच्या दारात उभं राहिलात तर दार उघडत नाही. दोन-तीन टक्क्यांसाठी पुन्हा परीक्षांचा फेरा घालणं हे नोकरी-संसारात फार जिकिरीचं होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून 60 डोळ्यांसमोर ठेवा.

इग्नूत लेखी परीक्षेला 70 टक्के आणि असाइनमेंटला 30 टक्के वजन असतं. लोक असाइनमेंट शेवटच्या आठवड्यात कुठून तरी उतरवून देतात आणि हातातले गुण घालवतात. तुम्ही उलट करा. असाइनमेंटचे प्रश्न मिळाले की त्यांच्या अनुषंगानेच पुस्तक वाचायला घ्या. उत्तरात तुमच्या ग्रंथालयातलं उदाहरण घाला. ‘देवघेव विभागाचं संगणकीकरण’ असा प्रश्न असेल तर तुमच्याकडे ते कसं झालं, काय अडलं, ते लिहा. सात वर्षांचा अनुभव असलेल्या बाईने पाठ्यपुस्तकातला परिच्छेद का उतरवावा? आणि हाताने लिहायचा सराव ठेवा. आपण सगळे आता कीबोर्डवर गेलो आहोत. तीन तास पेनने सलग लिहायचं म्हटलं की दुसऱ्या तासाला बोटं दुखतात, शेवटचा प्रश्न अर्धवट राहतो, आणि नेमके तिथेच टक्के जातात.

लोकलमध्ये अभ्यास करा असं सांगायचा मोह मी आवरते. सकाळच्या वेळी डोंबिवलीहून चढणाऱ्या बाईला लेडीज डब्यात दोन पाय टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ झालं. तिथे पुस्तक उघडायची अपेक्षा करणाऱ्याने तो प्रवास केलेला नसतो. फार तर एखादं व्याख्यान मोबाइलवर ऐका. खरा अभ्यास महाविद्यालयातच करा. तुमचं कामाचं ठिकाण म्हणजेच अभ्यासिका आहे, हा फायदा इतर कुणालाही नाही. सुटल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच बसा आणि मग गाडी पकडा. घरी मात्र हे आधी बोलून ठरवून घ्या. रोज उशिरा येणारी आई आणि रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास उशिरा येणारी आई, यांतला फरक मुलीला लगेच कळतो.

आता दुसरा प्रश्न, काम येतं का. तुमच्या मॅडमच्या बोलण्यात तथ्य असेल तर ते इथे आहे. निवड समितीवर बसायची वेळ मला बरेचदा आली. तिथे दूरशिक्षणाचे उमेदवार पदवीमुळे मागे पडले नाहीत. ‘कोहामध्ये एखादी नोंद करून दाखवा’ म्हटल्यावर जे गप्प झाले, ते मागे पडले. त्यांत नियमित वर्गात शिकलेलेही होते. पण नियमित विद्यार्थ्याला निदान शिक्षक आणि सोबती असतात, अडलं तर शेजारच्या बाकावर विचारता येतं. दूरशिक्षणात ते बाक नसतात. आपला विषय वाचून येणारा नाही. पोहण्यासारखा तो अंगाने शिकावा लागतो.

एक उदाहरण देते. मुंबईच्या उपनगरी लोकलवर एक पुस्तक तुमच्या टेबलावर आलं, असं धरा. ड्यूईप्रमाणे ते रेल्वे वाहतूक म्हणून 385 मध्ये टाकाल, की शहरी वाहतूक म्हणून 388.4 मध्ये? मुंबईची लोकल दोन्ही आहे. ती भारतीय रेल्वेची आहे आणि शहराची रोजची वाहतूकही आहे. पुस्तकात रेल्वेचा इतिहास जास्त आहे की प्रवाशांचं दैनंदिन जीवन, हे अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचून ठरवायचं. मग त्याला मुंबईचा स्थलांक जोडायचा. आणि शेवटी तुमच्या महाविद्यालयात हे पुस्तक कोण मागणार आहे, अर्थशास्त्राचे विद्यार्थी की समाजशास्त्राचे, याचाही विचार करायचा. या चर्चेला पुस्तकात एकच बरोबर उत्तर नसतं. दोन अनुभवी ग्रंथपाल समोरासमोर बसून वाद घालतात, तो ऐकून ही दृष्टी येते. तसंच टोपणनावाने लिहिणाऱ्या मराठी कवीची नोंद कोणत्या नावाखाली करायची, संपादित दिवाळी अंक पुस्तक मानायचा की नियतकालिक, आडनाव आधी घेताना जुन्या संतांचं काय करायचं. आपल्या ग्रंथालयात रोज येणारे हे प्रश्न इंग्रजी पाठ्यपुस्तकात फारसे सापडत नाहीत. ते तुमच्या मॅडमना विचारा. मनापासून सांगते, त्यांच्याशी वाद घालून पदवी ‘खरी’ आहे हे सिद्ध करण्यापेक्षा, रोज एक अवघड पुस्तक त्यांच्यासमोर ठेवून ‘याचं काय करायचं?’ असं विचारलंत तर त्या तुमच्या शिक्षिका होतील. अनुभवी ग्रंथपालाला हे विचारलेलं फार आवडतं.

संगणकाचा भाग स्वतः करता येण्याजोगा आहे. कोहा मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे लागत नाहीत. घरी जुना लॅपटॉप असेल तर त्यावर लिनक्स टाकून कोहा बसवा. बसवताना दोन-तीनदा अडेल, आणि त्या अडण्यातच तुम्ही जे शिकाल ते प्रश्नोत्तरांत मिळत नाही. मग घरातल्या पुस्तकांच्या खऱ्या नोंदी करा. मार्कच्या 245 क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक, 100 मध्ये लेखक, 020 मध्ये आयएसबीएन, 082 मध्ये ड्यूई क्रमांक, 650 मध्ये विषय. मुलीची गोष्टींची पुस्तकं घेतलीत तर तीही मदतीला बसेल. तुमच्या महाविद्यालयात इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं सोल हे ग्रंथालय सॉफ्टवेअर असेल, तर तेच काम तिथे कसं होतं ते ताडून बघा. पुढची पायरी म्हणजे डीस्पेस, डिजिटल संग्रह उभारायचं सॉफ्टवेअर. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचे लेख, जुन्या प्रश्नपत्रिका, वार्षिक अंक यांचा छोटासा डिजिटल संग्रह उभा केलात तर प्राचार्यांना तो नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी हवाच असतो, आणि तुमच्या मुलाखतीत तो उघडून दाखवता येतो. त्यानंतर पदवी कोणत्या पद्धतीने घेतली हे विचारायचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणि आपलं शहर आहेच. तुम्ही मध्य रेल्वेच्या बाई, तुमच्याच रेल्वेमार्गावर केवढी मोठी शाळा आहे बघा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. आणि शेवटच्या स्टेशनावर उतरून चालत गेलात की टाउन हॉल, जिथे 1804 साली सुरू झालेली एशियाटिक सोसायटी आहे. त्याच इमारतीत राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. 1954 च्या कायद्यानुसार देशातल्या प्रकाशकांनी आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यायची असते, त्यांपैकी ते एक. महिन्यातून एक शनिवार यांतल्या एकेका ठिकाणी जा. वाचक म्हणून जाऊ नका, ग्रंथपालाच्या नजरेने जा. तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, कशी आहे, जुने अंक कसे बांधलेत, दुर्मिळ ग्रंथ मागितल्यावर काय प्रक्रिया होते, पावसाळ्यात काय काळजी घेतात, हे विचारा. आधी पत्र देऊन, ‘मी एम.लिब.ची विद्यार्थिनी आहे’ असं सांगून गेलात तर बहुतेक ठिकाणी माणसं वेळ काढतात. सार्वजनिक ग्रंथालयांतली आमची मंडळी तुटपुंज्या पगारावर काम करतात, पण आपल्या संग्रहाबद्दल विचारलं की भरभरून बोलतात.

ऐच्छिक विषयाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. ग्रंथ जतनाचा पेपर निवडता आला तर निवडा. मुंबईची हवा दमट आहे, समुद्र जवळ आहे, चार महिने पाऊस. कपाटं भिंतीला चिकटलेली असली की ओल थेट पुस्तकांत उतरते, मग बुरशी, मग कसर, मग वाळवी. या शहरात शंभर-सव्वाशे वर्षांचे संग्रह आहेत आणि ते कसे राखायचे हे जाणणारी माणसं थोडी. यात मला फार पोटतिडीक आहे, म्हणून जरा पक्षपात करते आहे असं समजा. पण नोकरीच्या दृष्टीनेही तो वेगळा ठसा उमटवणारा विषय आहे.

मग एवढं करून हाती काय लागणार? खोटी आशा दाखवत नाही. अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपालाचं कायम पद मिळालं तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. त्या आकड्यामुळेच त्या एका जागेसाठी नेट-सेट, पीएच.डी. झालेले पुष्कळ जण रांगेत असतात आणि जागाही वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. फक्त त्याच एका पदावर डोळा ठेवून एम.लिब. करू नका. मुंबईत त्याशिवायही वाटा आहेत. मोठ्या शाळा, विशेषतः आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, चांगले ग्रंथपाल शोधत असतात. संशोधन संस्था आहेत, वकिलांच्या मोठ्या कचेऱ्या आहेत, वर्तमानपत्रांचे संदर्भ विभाग आहेत, वस्तुसंग्रहालयं आहेत, बँका आहेत. तिथे नेट कोणी विचारत नाही, माहिती शोधून मांडता येते का हे विचारतात. आणि उलटही सांगायला हवं: तुम्हाला केंद्रीय विद्यालयासारख्या ठिकाणी शालेय ग्रंथपाल व्हायचं असेल तर बी.लिब. पुरेसं असतं. तेव्हा एम.लिब. करता करता त्या जाहिरातींकडेही लक्ष असू द्या.

नेटबद्दल वयाची चिंता करू नका. सहाय्यक प्राध्यापक किंवा ग्रंथपाल पदाच्या पात्रतेसाठी नेटला कमाल वयोमर्यादा नाही, ती फक्त संशोधन शिष्यवृत्तीला आहे. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्जही करता येतो. पहिला पेपर सर्वांना समान, 50 प्रश्नांचा. दुसरा आपल्या विषयाचा, 100 प्रश्नांचा. दोन्ही एकाच बैठकीत, तीन तासांत. एम.लिब.चा अभ्यास ताजा असतानाच एकदा बसून बघा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तीही द्या. सेट झाली तरी आपल्या राज्यातल्या महाविद्यालयांसाठी पात्रता मिळते.

आता मुलीच्या दहावीचं. थांबू नका. ती तिसरीत आहे, म्हणजे दहावीला अजून सात वर्षं आहेत. तेव्हा तुम्ही 41 वर्षांच्या असाल आणि तिला तुमचा जास्त वेळ लागेल, आतापेक्षा कमी नाही. आत्ता ती रात्री नऊला झोपते, तेव्हा नऊ ते दहा तुमचा आहे. सातवी-आठवीत गेली की तो तासही तिचा होतो. घरातल्यांना सांगताना ‘मला शिकायचंय’ एवढंच सांगू नका. परीक्षेच्या काळात स्वयंपाक कोण बघेल, शनिवारी अभ्यासकेंद्रावर प्रात्यक्षिक असेल तेव्हा मुलीला कोण सांभाळेल, हे नावानिशी ठरवून घ्या. मोघम पाठिंब्यावर अभ्यास होत नाही.

कामाच्या ठिकाणीही एक गोष्ट लगेच करा. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन कळवा की तुम्ही एम.लिब.ला प्रवेश घेत आहात आणि परीक्षेच्या दिवशी रजा लागेल. अर्जाची पोच घ्या. त्याच वेळी सात वर्षांच्या कामाचं अनुभव प्रमाणपत्रही मागून घ्या. त्यात पदनाम, रुजू झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष करत असलेलं काम, म्हणजे वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव, नियतकालिकं, हे सविस्तर लिहिलेलं असू द्या. विनाअनुदानित संस्थांत व्यवस्थापन बदलतं, प्राचार्य बदलतात, आणि मग जुन्या कामाची साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

प्रवेशाची तारीख जवळ असेल तर आधी डेब आयडी काढून ठेवा, त्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. आणि ई-ज्ञानकोशवर वाचायला लागल्यावर कुठे अडलं, तर तो परिच्छेद मला पाठवा.

तुमची,
ताई